गंजभर अंडी आणि एप्रिलचं ऊन

नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा शासन निर्णय आला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या शाळेत ते काम माझ्याकडे आलं. घरी चार अंडी उकडणं वेगळं, गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, उकडून लेकरांच्या ताटात नीट पोचवणं वेगळं.

आधी वाद झाला तो गावरानचा. "मॅडम, गावरान अंड्यात रोग नसते जी," स्वयंपाकाच्या काकूंचं ठाम मत. पण साल्मोनेलाचा जंतू कोंबडीच्या अंडाशयात असला, तर टरफल तयार होण्याआधीच तो अंड्यात शिरतो. कोंबडी गावरान आहे म्हणून अडत नाही. शिवाय कालपरवाचं ताजं अंडं सोलताना निम्मं पांढरं टरफलालाच चिकटून येतं. अंडं चार दिवस राहिलं की त्यातला कर्बवायू टरफलाच्या छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा अल्कलीपणा वाढतो आणि सोलणं सोपं होतं. शेवटी तालुक्याच्या बाजारातून ट्रे आणायचं ठरलं. तडकलेली अंडी तिथंच बाजूला काढायची, दुकानदार कुरकुरला तरी.

काकू प्रत्येक अंडं पाण्यात टाकून पाहायच्या. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेकायचं. चाचणी चांगली आहे, पण ती आतल्या हवेच्या पोकळीवरून फक्त वय सांगते, जंतू आहे की नाही ते सांगत नाही. जंतूचा बंदोबस्त आचेवरच होतो. पांढरं ६२ अंशांच्या आसपास धरू लागतं, पण ८० अंशांपर्यंत गेल्याशिवाय घट्ट होत नाही. पिवळं ६५ला दाटतं आणि ७०ला बसतं. आतपर्यंत ७१ अंश पोचले की साल्मोनेला मरतो. म्हणजे पिवळं पूर्ण घट्ट झालं की समजायचं, पोट्ट्यांना द्यायला हरकत नाही. अर्धकच्चं पिवळं चवीला छान लागतं खरं, पण पहिलीच्या लेकरावर तो प्रयोग नको.

उकळत्या पाण्यात झाऱ्यानं हळूच सोडलेली अंडी सोलायला सोपी जातात. मात्र एवढी अंडी पडली की पाणी थंडावतं, म्हणून वेळ पुन्हा उकळी फुटल्यावर मोजायची. त्यानंतर बारा मिनिटं पुरतात. काकूंचा हिशेब अर्ध्या तासाचा होता, "शिजू द्या ना चांगले." मग पिवळ्याभोवती हिरवट कडं यायचं आणि पोट्टे तोंड वाकडं करायचे. एका पालकांनी तर अंडी सडकी आहेत, असंच सांगितलं. ते विष नव्हे. जास्त वेळ उकडल्यावर पांढऱ्यातलं गंधक वायुरूपात सुटतं आणि पिवळ्यातल्या लोहाशी मिळतं, त्याचा तो रंग. एक अंडं बारा मिनिटांचं, एक अर्ध्या तासाचं, दोन्ही कापून काकूंपुढे ठेवली. घड्याळ तेव्हापासून चुलीजवळच्या खिळ्याला आहे.

आमच्याकडे खरी परीक्षा उकडल्यानंतर सुरू होते. अंडी लगेच गार करावीत, पण एप्रिलात टाकीच्या पाण्यानं हात पोळतो. म्हणून माठाचं पाणी घेतो. गार होताना अंडं आकसतं आणि भोवतीचं पाणी छिद्रांतून आत ओढलं जाऊ शकतं, तेव्हा ते पिण्याचंच हवं. शिजलेलं अंडं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांवर असेल तर एकच तास, असं अमेरिकी कृषी खातं सांगतं. आमच्या सकाळच्या शाळेतही उन्हाळ्यात दहा वाजेस्तोवर पारा ३२च्या पुढे असतो. फ्रीज नाहीच. त्यामुळे आधी खिचडी उतरवायची, अंडी शेवटी चढवायची आणि सोलली की लगेच वाढायची.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं शाळेच्या मैदानावर धावतात आणि दुधात कच्चं अंडं फोडून पितात. त्यांनाही सांगून पाहिलं, शिजलेल्या अंड्यातलं प्रथिन ९० टक्क्यांच्या आसपास पचतं, कच्च्यातलं जवळपास निम्मंच. एकदोघं तेवढी उकडलेल्यावर आली.

राहिला प्रश्न खिशातल्या अंड्याचा. काही मुली आपलं अंडं न खाता घरच्या लहान भावासाठी ठेवतात. रागावणं जमत नाही आणि उन्हात तासभर खिशात राहिलेलं अंडं दोन वर्षांच्या लेकराला खाऊ देणंही जमत नाही. शाळेला लागून घर असेल तर न सोललेलं न्यायचं आणि गेल्या गेल्या द्यायचं, लांबच्या पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, मुलींनी इथंच खायचं, एवढं ठरवलंय. पोडावरच्यांना ते अन्यायाचं वाटतं, आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही.