दादाच्या घड्या

कामशेतजवळच्या एका मंगल कार्यालयाचा हॉल दर ऑक्टोबरात आम्हा पॅराग्लायडिंग करणाऱ्यांना दोन दिवस मिळतो. तुळशीचं लग्न लागेपर्यंत तिथे कुणाचं कार्य नसतं, आणि रिझर्व्ह पॅराशूट उघडून पुन्हा भरायला जे लागतं ते सगळं तिथे आहे. वारा नाही, ऊन नाही, लांबलचक गुळगुळीत फरशी आहे आणि छताला मजबूत हुक आहेत. पावसाळा संपल्यावर टॉवर हिलवरून पहिलं उड्डाण होण्याआधी प्रत्येकाचं रिझर्व्ह उघडून, हवा देऊन, नव्याने भरलेलं असलंच पाहिजे, हा दादाचा नियम. या वर्षी नऊ रिझर्व्ह जमली. दादा श्रावणात गेला, घरी, झोपेत.

नऊच्या नऊ त्यानेच मे महिन्यात भरलेली होती. म्हणजे ती उघडायची तर त्याच्या हातच्या घड्या मोडाव्या लागणार होत्या. पहिलं पॅक सतरंजीवर ठेवलं आणि बराच वेळ कुणीच पुढे झालं नाही.

पॅराग्लायडिंग न करणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. डोक्यावरचं ग्लायडर हवेत मिटलं, गुंतलं आणि सावरेना, तर पायलट हार्नेसमधलं, म्हणजे तो बसतो त्या पट्ट्यांच्या आसनातलं, दुसरं, लहान, सहसा गोल पॅराशूट हाताने फेकतो. ते रिझर्व्ह. दीड-दोन किलोचं, दोन हातांत मावेल एवढं गाठोडं. युरोपातल्या ईएन 12491 या मानकाप्रमाणे पूर्ण वजन लटकलेलं असताना ते सेकंदाला 5.5 मीटरपेक्षा जास्त वेगाने खाली येता कामा नये. हा वेग दीड मीटर उंच ओट्यावरून उडी मारल्यावर जमिनीला पाय टेकताना असतो तेवढा. दोन्ही पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून कुशीवर लोळण घेतली तर माणूस उठून चालू लागतो. पण त्यासाठी ते उघडलं पाहिजे, आणि लवकर उघडलं पाहिजे. कामशेतचे डोंगर काही हिमालय नाहीत. गिरक्या खात सेकंदाला दहा मीटरने पडणाऱ्या माणसाला शंभर मीटरवर फक्त दहा सेकंद मिळतात, आणि त्यातले चार-पाच काय होतंय हे कळण्यातच जातात.

म्हणून दादा आधी पॅक उघडायचाच नाही. आधी हार्नेस छताच्या हुकाला टांगायचं, त्याच्या मालकाने हेल्मेट आणि हातमोजे घालून त्यात बसायचं, दोघांनी त्याला गरागरा फिरवायचं आणि मध्येच ओरडायचं, "फेक!" दादाचे चार शब्द इथल्या प्रत्येक पायलटला पाठ आहेत: बघ, धर, ओढ, फेक. 'बघ' पहिला का? गिरकीत हात बाहेर खेचला जातो, आणि न बघता चाचपलं तर हातमोज्याला हार्नेसचा कुठलाही पट्टा हँडलसारखाच लागतो. 'फेक' म्हणजे हँडलसकट सोडून देणं. हे सांगावं लागतं, कारण घाबरलेला हात धरलेली वस्तू सोडत नाही. पुष्कळ जण ओढतात जोरात आणि हँडल मुठीत धरून बसतात.

पहिली तीन पॅक पहिल्या झटक्यात बाहेर आली. चौथं आलं नाही.

हार्नेसमधल्या मुलाने बघितलं, धरलं, ओढलं. पॅक जागचं हललं नाही. दुसरा झटका दिला, तिसरा दिला, मग दोन्ही हातांनी ओढलं. हॉलमध्ये एकदम शांतता झाली. त्याला खाली उतरवलं आणि फ्लॅप बाजूने वाकवून आत टॉर्च मारला. हँडलपासून रिझर्व्ह ज्यात भरतात त्या आतल्या पिशवीपर्यंत जाणारा पट्टा ताठ झाला होता, आणि कप्पा बंद ठेवणाऱ्या दोन्ही पिना होत्या तिथेच होत्या.

ही चूक समजून घेण्यासारखी आहे, कारण बाहेरून ती दिसत नाही. हँडलला दोन कामं करायची असतात: आधी पिना काढून कप्पा उघडायचा, मग आतली पिशवी बाहेर खेचायची. हा क्रम साधण्यासाठी पिशवीकडे जाणाऱ्या पट्ट्यात ढील लागते. पट्टा आखूड असला तर सगळा जोर आधी पिशवीवर येतो. पिशवी बंद कप्प्यात, त्यामुळे ती बाहेर येत नाही, आणि पिनांवर जोरच पोचत नाही म्हणून कप्पाही उघडत नाही. जितकं ओढाल तितकं ते घट्ट बसतं. माणसाची ताकद इथे उपयोगाची नाही.

हे झालं कसं, तर मुलाने जूनमध्ये नवं हार्नेस घेतलं आणि जुन्यातलं रिझर्व्ह स्वतःच त्यात घातलं. जुन्या हार्नेसचा कप्पा पाठीखाली होता, नव्याचा बाजूला. कप्प्याची खोली वेगळी, हँडलची जागा वेगळी, पट्टा मात्र जुनाच. हार्नेस, हँडल आणि रिझर्व्ह या तिघांची जोडी प्रत्येक वेळी टांगून तपासावी लागते ती याचसाठी. त्याच्या पॅकचं कार्ड काढलं. मे महिन्याच्या ओळीत तारीख, सही, आणि शेऱ्याच्या रकान्यात निळ्या बॉलपेनने दादाचं अक्षर: 'हार्नेस बदलणार म्हणतोय. बदललंस की टांगून दाखव.' मुलाने कार्ड वाचलंच नव्हतं. तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याला कुणी काही बोललं नाही. जो बोलला असता तो नव्हता.

लांब पट्टा जोडून ते पॅक पाच वेळा टांगून फेकलं. पाचही वेळा सुटलं.

मग घड्या मोडल्या. कापड झटकून रात्रभर तुळईला टांगून ठेवलं. मावळातल्या पावसानंतर नायलॉन ओलसर होतं, एकमेकांना चिकटतं, आणि चिकटलेलं कापड हवा भरायला वेळ घेतं. टांगताना उजेडासमोर धरून प्रत्येक पाकळी बघितली. गोल छत्रीच्या या त्रिकोणी पट्ट्यांना कारखान्यात काहीही म्हणोत, आमच्याकडे त्या पाकळ्याच. दोन पॅकांत रबर बँड लाइन्सना, म्हणजे छत्रीच्या दोऱ्यांना, चिकटून मेणासारखे झाले होते. पावसाळाभर बंद गाडीच्या डिकीत ठेवलं की हेच होतं. रबर दर वेळी नवेच घालायचे आणि उत्पादकाने सांगितलेलेच घालायचे. स्टेशनरीच्या दुकानातले चालत नाहीत: पातळ असले तर आधीच तुटून लाइन्सचा गुंता होतो, जाड असले तर लाइन्सची जुडी वेळेवर सुटत नाही.

रविवारी सकाळी सातला भरायला सुरुवात केली. एका टोकाला मुख्य पट्टा हुकाला अडकवायचा, दुसऱ्या टोकाला छत्रीचा माथा. माथ्याच्या फासांतून दोरी ओवून सगळं ताणायचं. पाकळ्या वहीची पानं उलटावी तशा एकेक उलटायच्या, निम्म्या डावीकडे, निम्म्या उजवीकडे. सर्वांत वरची लाइन पट्ट्यापासून कापडापर्यंत कुठेही दुसरीखालून न जाता मोकळी गेली पाहिजे. नाही गेली तर पुढे जायचंच नाही. वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवून कापड दाबायचं, दोन्ही कडा आत घेऊन पिशवीच्या रुंदीची लांब पट्टी करायची, आणि माथा तळाशी, खालची कड तोंडाशी अशी नागमोडी घडी पिशवीत बसवायची. शेवटी लाइन्सच्या जुड्या पिशवीच्या रबरी फासांतून घालून तोंड बंद करायचं. फेकल्यावर लाइन्स पूर्ण ताणल्या गेल्या तरच तोंड उघडतं, तोवर नाही. सगळी करामत त्या फासात आहे.

सगळ्यांत घातक चूक मात्र घडीत नसते, विसरण्यात असते. पाकळ्या जागी ठेवायला लावलेला एखादा चिमटा, माथ्यातून ओवलेली दोरी, पिन बसवताना लूप, म्हणजे ती पिन अडकते तो दोरीचा फास, ओढायला वापरलेला धागा, यातलं काही आत राहिलं तर रिझर्व्ह उघडतच नाही. म्हणून दादाच्या सहाही चिमट्यांना हातभर लाल फीत बांधलेली आहे, आणि पिशवी बंद करण्याआधी ते चिमटे सतरंजीवर मांडून मोठ्याने मोजायचे: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. तो धागासुद्धा पिनेखालून सावकाश काढायचा. झटक्यात ओढला तर घर्षणाने लूप जळतो, आणि जळका लूप महिनाभराने कुठल्या तरी टेकऑफवर तुटून रिझर्व्ह आपोआप बाहेर पडतं.

वेल्क्रोचंही तसंच. महिनोन्‌महिने न उघडलेला वेल्क्रो जास्त घट्ट धरतो, म्हणून तो सोडवून पुन्हा लावायचा.

कार्डावर दोन सह्या लागतात, भरणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. इतकी वर्षं पहिली त्याची असायची आणि दुसरी आमच्यातल्या कुणाची तरी. या वेळी जे तपासायचे ते भरायला बसले. एका पॅकला आम्हाला सव्वा तास लागत होता, त्याला पाऊण लागायचा. हात तेच करत होते, तरी पुन्हा पुन्हा वर बघावंसं वाटत होतं, बरोबर आहे ना विचारायला.

नववं पॅक त्याचं स्वतःचं. ते शेवटी घेतलं. घडी इतकी नेटकी की चौथ्या पाकळीची कड पहिलीच्या कडेवर तंतोतंत. तिचा फोटोसुद्धा काढावासा वाटला नाही. त्याचं कार्ड इतरांपेक्षा भरलेलं, दर सहा महिन्यांची ओळ, एकही चुकलेली नाही. मेच्या ओळीत त्याने स्वतःसाठीच शेरा लिहिला होता: 'ऑक्टोबरात दहा वर्षं पुरी. पुढे सरावाला द्यावं.'

दहा वर्षांनी कापड आणि शिवण कितीही चांगली दिसली तरी बहुतेक उत्पादक ते उडायला वापरू नका असं सांगतात. आम्ही कापडाच्या कडेवर चारही बाजूंना काळ्या मार्करने लिहिलं: फक्त सराव. कार्डावरही तेच लिहून खाली दोन सह्या केल्या.

संध्याकाळी यंदा नव्याने शिकायला आलेल्या दोन मुलींना ते दिलं. पहिल्या वेळी त्यांना दोन तास लागले, आणि वरची लाइन दोनदा दुसरीखालून गेली. उघडलं, पुन्हा ताणलं. दुसऱ्या वेळी लाइन मोकळी गेली. पिशवी बंद करण्याआधी थोरलीने लाल फितींचे चिमटे सतरंजीवर ओळीने मांडले आणि मोठ्याने मोजले. पाच भरले. तिने घडी उलगडली, पाकळ्यांमधून सहावा काढला, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.