गच्चीवरचे टोमॅटो : चार हिवाळ्यांचा माझा अनुभव

टोमॅटोचं सार आणि मऊ भात हे आमच्याकडचं रविवार रात्रीचं ठरलेलं जेवण. सासूबाई पहिला घोट घेऊन हमखास म्हणायच्या, "अगं, याला आंबटपणाच नाही. थोडी चिंच घाल." चिंच घातली की ते सार राहत नाही, आमटी होते. बाजारातले टोमॅटो दिसायला लालबुंद, पण सालीला जाड आणि आत कोरडे. ट्रकमधून लांबवर नेताना फुटू नयेत अशीच वाणं शेतकरी लावतात, त्यांचं तरी काय चुकलं! मग ठरवलं, साराचे टोमॅटो घरीच लावायचे. इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे, गच्चीवर दिवसभर ऊन असतं.

पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये आठ रोपं आणली. वाण कोणतं ते मी विचारलंही नाही. महिन्याभरात शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळली, बारीक आणि पिवळट झाली. रोप जरा हलवलं की पानांखालून पांढरी पिठासारखी धूळ उडायची आणि परत पानांवरच बसायची. ती पांढरी माशी, पानं मुरडणारा विषाणू पसरवते ती. शेजारच्या काकूंकडे येणारा माळी एक नजर टाकून म्हणाला, "पत्ता मुड़ गया तो पौधा गया समझो." तरी मी निंबोळी तेल फवारत राहिले. माशी कमी झाली, पण विषाणू एकदा रोपात शिरला की त्याला औषध नाही. दिवाळीच्या आधी आठही रोपं उपटली. काहींना फुलं होती. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी वाणांची नावं शिकले. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' पानं मुरडण्याचा विषाणू, जिवाणूंमुळे येणारी मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही. दिल्लीच्या पुसा संस्थेचं 'पुसा रुबी' जुनं आणि सरळ, म्हणजे संकरित नसलेलं वाण. विषाणूपुढे ते टिकत नाही, पण आंबट आणि रसाळ. दोन्हींचं बी आणलं आणि थोडं चेरी टोमॅटोचं.

या वेळी घाई केली नाही. गणपती उठल्यावर बी टाकलं, म्हणजे रोपं दसऱ्याच्या सुमारास कुंडीत जातात. रोपं लहान असतानाच माशीचा धोका सगळ्यात जास्त. मच्छरदाणीच्या भोकांतून ती सहज आत जाते, म्हणून ट्रेवर सासऱ्यांचं जुनं मलमलचं उपरणं ताणून बांधलं. कुंडीत लावताना खालची पानं खुडून खोड निम्मं मातीत पुरलं. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात, झाड दणकट होतं.

मातीचा धडा वेगळाच. माळव्याची काळी माती नुसती कुंडीत भरली की पाणी साचतं आणि वाळली की भेगा पडतात. मी तिसरा हिस्सा काळी माती घेते, बाकी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि घरचं कंपोस्ट. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्या इंदूरलाच खत करण्याची पद्धत बसवली, जगात ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. हे कळलं त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला! वाळका पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा, शेण, थोडी माती आणि राख असे थर द्यायचे, ओल राखायची, मधून मधून उलथायचं. तीनेक महिन्यांत खताला पावसाळी मातीचा वास येतो.

डिसेंबरच्या शेवटी पुसा रुबीचं पहिलं फळ पिकलं. पसरट, कडेला खाचा, देठाजवळ पिवळसर. दुकानात कुणी हातात घेतलं नसतं. त्या रविवारी सासूबाईंनी सार दोनदा मागून घेतलं, चिंचेचं नावही काढलं नाही.

तिसऱ्या वर्षी लग्नासाठी पाच दिवस पुण्याला गेलो. कुंड्या कोरड्या पडल्या, आल्यावर मी भरभरून पाणी घातलं. पुढच्या फळांचे बूड काळे पडले. मला रोग वाटला, पण पाण्याची ओढाताण झाली की झाडाला कॅल्शियम फळापर्यंत नेता येत नाही. आता रोज सकाळी झारीने बेताचं पाणी आणि मातीवर पाल्याचं आच्छादन.

आता बारा कुंड्या आहेत. सहा पुसा रुबी, चार अर्का रक्षक, दोन चेरी. अर्का रक्षकची फळं घट्ट, शेव-टमाटरच्या भाजीला आणि कोशिंबिरीला छान. सारात मात्र मी ती घालत नाही. चेरी घरात येतच नाहीत, मुलं गच्चीवरच संपवतात. होळीनंतर दिवसा पारा पस्तिशीपुढे गेला की फुलं गळतात, तेव्हा मी झाडं काढते. उन्हाळ्यात ओढत नेण्यात अर्थ नाही.

अर्का रक्षक संकरित आहे, त्याचं बी दर वर्षी विकतच आणावं लागतं. पुसा रुबीचं घरी धरते. निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ निवडायचं, गर बरणीत थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवायचा. बियांवरचा बुळबुळीत थर सुटला की धुऊन बशीत सावलीत वाळवायचं. कागदावर नको, चिकटतं. या वर्षीच्या पुडीतलं निम्मं काकूंना दिलंय, उपरणंही द्यायचं आहे.