तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या तळ्यावर बाससाठी एकच ल्युअर

मी न्यू जर्सीतल्या तळ्यांवर बास हा गोड्या पाण्यातला मासा धरायला जाते हे कळलं, की आपल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. कुणाच्या मुलीला वाढदिवसाला रॉड मिळालेला असतो, कुणाच्या कॉम्प्लेक्सच्या मागेच तळं असतं. दुकानात एक चक्कर झालेली असते, तिथली भिंतभर टांगलेली ल्युअर्स, म्हणजे माशाला भुलवणारी खोटी आमिषं, बघून डोकं गरगरलेलं असतं, आणि मग फोन येतो, ‘ताई, एकच घ्यायचं तर कोणतं घेऊ? कुठल्याही तळ्यावर चालेल असं सांगा.’

एकच घ्यायचं तर पाच इंची स्टिक वर्म घ्या. म्हणजे मऊ प्लॅस्टिकचं, आत मीठ भरलेलं साधं गांडूळ. त्याला शिसं किंवा दुसरं कसलंही वजन लावू नका. गेली कित्येक वर्षं मी हेच उत्तर देते आहे. पण नुसतं नाव सांगून भागत नाही, कारण हेच ल्युअर भराभर ओढलं तर त्याच्यात काही दम राहत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी तळ्याबद्दल. दुकानातला बराचसा माल आणि व्हिडिओतले बरेचसे सल्ले मोठ्या जलाशयांवर बोटीतून फिरणाऱ्यांसाठी असतात. आपली तळी वेगळी. मध्य जर्सीत कितीतरी तळी जुन्या गिरण्यांसाठी ओढ्याला बांध घालून झालेली आहेत. लॉरेन्स ब्रूकवरचं डेव्हिडसन्स मिल पॉण्ड त्यातलंच. दक्षिणेकडे वाळू उपसून झालेल्या खड्ड्यांत पाणी साठून तळी बनली आहेत. गिरणीच्या तळ्यांत बऱ्याच ठिकाणी पुरुषभरसुद्धा पाणी नसतं. जून लागला की पाणगवत वर येतं, लिलीची पानं पसरतात, आणि तुम्ही काठावर उभे राहून दोन झाडांच्या मधल्या फटीतून रॉड फिरवत असता. अशा ठिकाणी खाली दोन-दोन तीनतोंडी गळ लटकणारं क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं टणक ल्युअर, टाकलं, की दर खेपेला मूठभर गवत वर येतं आणि निम्मा वेळ ते सोडवण्यात जातो.

छोटं तळं म्हणजे छोटे मासे, असं मात्र मुळीच समजू नका. न्यू जर्सीतला लार्जमाउथ (मोठ्या तोंडाच्या) बासचा राज्यविक्रम १९८० सालचा आहे, १० पौंड १४ औंस, म्हणजे पाच किलोला थोडासा कमी. तो मासा निघाला मिलव्हिलजवळच्या मेनॅन्टिको सँड वॉश पॉण्डमधून, म्हणजे वाळूच्या खाणीत साठलेल्या पाण्यातून.

या माशांना माणसांची सवय असते आणि त्यांचा संशयही असतो. पाणी उथळ, त्यामुळे तुमची सावली पडली तरी त्यांना कळतं, काठावर पाय आपटला तरी कळतं. शनिवार-रविवारी सकाळपासून काहीतरी चमचमणारं, खुळखुळणारं त्यांच्या डोक्यावरून जातच असतं. तिथे गाजावाजा न करता हळूच समोर येणारी वस्तू जास्त चालते. स्टिक वर्म नेमकं तसं आहे.

पाकीट उघडाल तेव्हा वाटेल, यात आहे काय? शेपटी नाही, पाय नाहीत, डोळे नाहीत. अंगावर बारीक वळ्या, दोन्ही टोकांकडे किंचित निमुळतं. हातात घेतलं की आकाराच्या मानाने जड लागतं, बोटांना तेलकटपणा आणि मिठाचे बारीक कण लागतात. ते जड लागणं हीच त्याची खुबी. मिठामुळे वजन न लावताही ते लांब फेकता येतं आणि स्वतःच्या वजनाने सावकाश बुडतं. बुडताना साधारण आडवंच राहतं आणि दोन्ही टोकं अगदी बारीक थरथरतात. घरी बादलीत सोडून बघा, नीट दिसेल. ही थरथर रॉड हलवून आणता येत नाही, ती पडण्यातूनच येते. म्हणूनच सांगते, नवख्या माणसाने टाकलं काय आणि मुरलेल्याने टाकलं काय, पहिल्या पडण्यात दोघांचं गांडूळ सारखंच दिसतं. बाकीच्या ल्युअर्सना जीव आणायला हात बसावा लागतो. भरवशाचं ल्युअर म्हणताना माझ्या मनात असतो तो हाच भरवसा.

दुसरी गोष्ट माशाच्या तोंडाची. बास भक्ष्याला सहसा चावत नाही, तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो. आत आलेली वस्तू टणक लागली तर तितक्याच चपळाईने थुंकूनही टाकतो. मऊ, खारट गांडूळ तो जरा जास्त वेळ तोंडात धरतो, आणि दोरीवरची हालचाल ओळखायला अजून शिकत असलेल्या माणसाला तेवढा एखादा क्षण फार मोलाचा असतो.

ही कल्पना तशी जुनी. प्लॅस्टिकचं गांडूळ निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये १९४९ साली घरच्या स्वयंपाकघरात ओतून बनवलं. आज ज्याला स्टिक वर्म म्हणतात ते गॅरी यामामोटो यांनी नव्वदच्या दशकात ‘सेंको’ या नावाने आणलं, आणि आता जवळजवळ प्रत्येक कंपनी तसं काहीतरी बनवते. नावासाठी अडून बसू नका. पाकीट हातात घ्या, मीठ आहे ना आणि वजन लागतंय ना एवढं बघा. काही गांडुळं फार चिवट असतात, ताणली तरी तुटत नाहीत, पण ती पाण्यावर तरंगतात. या कामाला ती उपयोगाची नाहीत.

आता गळाला लावायचं कसं. गवताळ तळ्यावर टेक्सस पद्धत. ३/० मापाचा रुंद पोटाचा ऑफसेट गळ, म्हणजे दोरीच्या टोकाजवळ वाक दिलेला गळ, घ्या. टोक गांडुळाच्या डोक्यात समोरून घाला, साधारण पाव इंचावर बाजूने बाहेर काढा. गळ पुढे ओढून घ्या, अर्धा फिरवा, म्हणजे दोरी बांधायच्या छिद्राजवळचा वाक डोक्यात जाऊन बसेल. मग गांडूळ सरळ लोंबकळू द्या आणि गळाची वाकण जिथे त्याच्या अंगाला टेकते तिथूनच टोक आरपार काढा. पाठीवर आलेलं टोक कातडीखाली जरासं खुपसून ठेवा, की गवतात अडकत नाही. शेवटी गांडूळ डोळ्यासमोर धरा. ते सरळ दिसलं पाहिजे. जरा जरी कुबड आलं असलं तर परत काढून लावा, कारण वाकडं गांडूळ ओढताना गोल गोल फिरतं, दोरीला पीळ पडतो आणि ती थरथर जाते.

पाणी मोकळं असेल, किंवा धक्क्याच्या कडेला टाकायचं असेल, तर वॅकी पद्धत. गांडुळाच्या बरोबर मध्ये छोटा गळ, दोन्ही बाजू मोकळ्या. मध्यावर रबरी ओ-रिंग चढवून गळ तिच्याखालून घातला तर गांडूळ चटकन तुटत नाही आणि पाकीट बरंच पुरतं. लहान मुलांना मी हीच पद्धत शिकवते, कारण यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. दोरी दहा पौंडी मोनोफिलामेंट, म्हणजे दहा पौंडांचा ताण सोसणारी एकपदरी नायलॉनची; गाठ पॅलोमार. साधा स्पिनिंग रॉड-रील पुरतो.

खरं शिकायचं आहे ते दोरीकडे बघायला, आणि इथे मी कुणालाच सूट देत नाही. गवताच्या कडेला, पडलेल्या झाडाशेजारी, जिथे सावली संपून ऊन सुरू होतं तिथे गांडूळ टाका. पाण्यावर पडलं की रील फिरवू नका. दोरी सैल सोडा. ताणून धरली तर गांडूळ झोका घेत काठाकडे येतं, खाली पडत नाही. दोरी पाण्यात शिरते त्या बिंदूवर नजर ठेवा. बहुतेक वेळा मासा पडत्या गांडुळावरच येतो आणि हाताला काहीच कळत नाही, जे काही कळतं ते दोरीवर. कधी ती टचकन हलते. कधी गुपचूप एका बाजूला सरकायला लागते. कधी अजून खाली जायला हवी असताना मध्येच थांबते, आणि ही तिसरी खूण सगळ्यांच्या नजरेतून निसटते. यातलं काहीही दिसलं की सैल दोरी गुंडाळून घ्या आणि रॉड ठामपणे वर उचला. लगेच उचला, बघू-बघू म्हणत थांबू नका. का ते शेवटी सांगते.

काहीच झालं नाही तर तळ लागेपर्यंत जाऊ द्या, रॉडने फूटभर उचला, पुन्हा पडू द्या. असं दोन-तीनदा करा, मग काढून दुसरीकडे टाका. काठापासून पहिल्या दहा फुटांतलं पाणी आधी धुंडाळा, आणि तेही काठापासून दोन पावलं मागे उभं राहून. सगळे जण तळ्याच्या मध्यावर फेकायला धडपडतात, मासा कित्येकदा पायाशी असतो.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. स्वच्छ पाण्याला ग्रीन पम्पकिन, म्हणजे काळपट हिरवा, गढूळ पाण्याला काळा-निळा. दोन पाकिटं, बस.

याला मर्यादा आहेत. मोठा पाऊस पडून तळं चहाच्या रंगाचं झालं असेल किंवा वारा सुटून लाटा उठत असतील, तर हे शांत गांडूळ माशाला सापडतच नाही. तेव्हा पाव औंसाचं पांढरं स्पिनरबेट बरं, त्याच्या फिरत्या पात्याची कंपनं माशाला अंगावरून जाणाऱ्या संवेदनारेषेने जाणवतात. आणि नवं, मोठं पाणी पटकन चाचपून बघायचं असेल तर गांडूळ फार संथ पडतं. पण तुम्ही विचारता त्या तळ्याला अर्ध्या तासात फेरी होते, तिथे घाई कसली? ऑगस्टच्या संध्याकाळी लिलीच्या पानांवरून ओढलेला रबरी बेडूक आणि त्यावर माशाच्या झडपेने झालेला स्फोट यासारखं सुख नाही, हे मी मान्य करते. एप्रिलमध्ये मात्र तो बेडूक डब्यातच राहतो.

नियम थोडक्यात. सोळा ते एकोणसत्तर वर्षांच्या रहिवाशाला न्यू जर्सीत गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी परवाना लागतो. १५ एप्रिल ते १५ जून या काळात बास धरून सोडूनच द्यायचा असतो, कारण त्या दिवसांत नर उथळ पाण्यात अंड्यांची राखण करत असतो आणि तो उचलला की घरट्यावर दुसरे मासे तुटून पडतात. खायचा का, हेही तुम्ही विचारता. या राज्यात लार्जमाउथ बाससाठी पाऱ्यामुळे खाण्यावर मर्यादा सांगितलेल्या आहेत, आणि लहान मुलं व गरोदर बायकांसाठी त्या अधिक कडक आहेत. मी सगळे सोडते. घरी खायला सुरमई आणते.

तुटलेली गांडुळं पाण्यात किंवा काठावर टाकू नका. ती कुजत नाहीत, तळाशी पडून राहतात आणि मासे ती गिळतात. मी खिशात एक झिपची पिशवी ठेवते आणि दुसऱ्यांची पडलेली दिसली तर तीही उचलते. मॅसॅच्युसेट्समध्ये लून पक्षी शिशाची वजनं गिळून मरायचे, म्हणून तिथे गोड्या पाण्यात एक औंसाच्या आतली शिशाची वजनं वापरायला २०१२ पासून बंदी आहे. बिनवजनाच्या गांडुळाला तो प्रश्नच येत नाही, आणि मला ते आवडण्याचं हेही एक कारण आहे.

आता लगेच रॉड उचला असं का म्हटलं ते. हे गांडूळ माशाला इतकं खरं वाटतं की उशीर केला तर तो गिळून टाकतो. म्हणून गळाच्या टोकामागचा उलटा काटा घरूनच पक्कडीने दाबून सपाट करून न्या, आणि लांब चिमटा जवळ ठेवा. माशाला हात लावण्याआधी हात ओले करा, खालचा ओठ धरून, पोटाला आधार देऊन उचला. गळ ओठात असेल तर चिमट्याने आला तसाच उलटा फिरवून निघतो. घशात खोल गेला असेल तर उकरत बसू नका. दोरी गळाच्या अगदी जवळ कापा आणि मासा पाण्यात सोडा.