कागदी पिशवीतली खुडबुड

पहाटे पावणेपाचला बुटांच्या नाड्या बांधत होते, तेवढ्यात नाशिकहून आईचा फोन आला. तिकडे दुपारचे सव्वादोन. जेवणं होऊन, ओटा आवरून ती निवांत बसली होती. "अगं, इतक्या पहाटे कुठं निघालीस?" मी खरं ते सांगून टाकलं. "पक्षी गोळा करायला. काचेवर आपटून पडलेले." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "जिवंत असतात का गं?"

काही असतात. त्यांच्यासाठीच अंधारात निघायचं असतं. उजाडलं की सीगल खाली उतरतात, झाडूवाले येतात, आणि फुटपाथवर रात्री काय घडलं ते कुणाला कळतही नाही.

टोरंटोत येऊन मला सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं इथला वसंत मला कळलाच नव्हता. मार्चमध्ये बर्फ वितळून रस्त्याकडेला काळा राडा व्हायचा, एप्रिलमध्ये एक दिवस जॅकेट काढावं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भुरभुर. तिसऱ्या वर्षी ऑफिसमधल्या एका बाईंनी मला त्यांच्या भागातल्या पक्षीनिरीक्षण क्लबच्या फेरीला नेलं. झाडं अजून नुसते खराटे होती. पण तळ्याकाठच्या वाळक्या पाणकणसांवर लाल खांद्यांचे काळे पक्षी बसून नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होते. रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड. नर आधी येऊन जागा धरतात, माद्या मागाहून येतात. त्या दिवशी चार अंश तापमान होतं, बोटं बधिर झाली होती आणि क्लबातली मंडळी एकमेकांना सांगत होती, "आला बरं का वसंत!"

इथला भूगोल थोडा सांगायला हवा. टोरंटो ओंटारिओ सरोवराच्या उत्तर काठावर आहे. हिवाळा दक्षिणेत काढलेले पक्षी उत्तरेकडच्या जंगलांत घरटी करायला निघतात. कुणी मध्य अमेरिकेतून येतो, कुणी कॅरिबियन बेटांवरून. त्यातले बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. रात्रभर उडत सरोवर ओलांडलं की दमून पहिल्या जमिनीवर उतरायचं, आणि ती पहिली जमीन म्हणजे हे दिव्यांनी लखलखणारं, काचांनी मढलेलं शहर. अटलांटिक आणि मिसिसिपी हे पक्ष्यांच्या स्थलांतराचे दोन मोठे हवाई मार्ग इथं एकमेकांत मिसळतात. त्यामुळे मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी ऑफिसला जाताना रस्त्याकडेच्या झुडपातसुद्धा पाच-सहा जातींचे वॉर्बलर सापडतात. आपल्याकडच्या शिंजिराएवढा जीव, पण पिवळा, केशरी, निळा, काळा असे रंग की आधी कुठं बघावं तेच कळत नाही.

क्लबात शाळकरी मुलांपासून ऐंशीच्या आजींपर्यंत सगळे आहेत. इथं सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात. आजींना नावानं हाक मारायला माझी जीभ अजून वळत नाही, म्हणून मी नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणते, आणि त्याही मला मुद्दाम "नमस्ते" म्हणतात. नवख्यांना दुर्बीण क्लबच देतो. मार्चपासून जूनपर्यंत दर शनिवारी फेरी असते, मधल्या वारी संध्याकाळची कामं असतात.

क्लबातल्या पहिल्या वर्षीची एक संध्याकाळ मी विसरणार नाही. एप्रिलचा मध्य. दिवस मावळल्यावर आम्ही दहा-बारा जण एका उघड्या माळाच्या कडेला गप्प उभे होतो. बोलायचं नाही, टॉर्च लावायची नाही, अशी ताकीद मिळाली होती. अंधार दाटत आला तसा गवतातून नाकात बोलल्यासारखा आवाज आला, "पीँट." थोड्या वेळानं पुन्हा, "पीँट." हा अमेरिकन वुडकॉक. लांब चोच, गुबगुबीत अंग, वाळक्या पानांच्या रंगाचा. दिवसा पायाजवळ बसलेला असला तरी दिसायचा नाही. मग तो एकदम उडाला. मोठमोठे फेरे घेत, पंखांचा किणकिणाट करत वर वर गेला, इतका की निळसर उजेडात नुसता ठिपका उरला. तिथून चिवचिवत, हेलकावे खात, गळणाऱ्या पानासारखा खाली आला आणि जिथून उडाला होता त्याच्या आसपासच उतरला. पुन्हा "पीँट." हे सगळं कुठल्यातरी गवतात बसलेल्या मादीसाठी. माझ्या शेजारी सहा-सात वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

पक्ष्यांचे आवाज लक्षात ठेवायची इथली रीत अगदी आपल्यासारखी आहे. आपला पावशा "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" म्हणतो, तसा इथला पांढऱ्या गळ्याचा स्पॅरो "ओ स्वीट कॅनडा, कॅनडा, कॅनडा" अशी शीळ घालतो. ओव्हनबर्ड जंगलात "टीचर, टीचर, टीचर" असा चढत्या आवाजात ओरडतो. मी क्लबच्या मंडळींना पावशाचं सांगितलं, आभाळ भरून आलं की तो शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देतो म्हणून. आता आजींना "पेर्ते व्हा" छान म्हणता येतं.

आमच्या फेऱ्यांतली माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे लेस्ली स्ट्रीट स्पिट, म्हणजेच टॉमी थॉम्पसन पार्क. सरोवरात सुमारे पाच किलोमीटर आत गेलेली ही जमीन माणसानं बनवलेली आहे. १९५९ च्या सुमारास इथं भराव टाकायला सुरुवात झाली. पाडलेल्या इमारतींच्या विटा, काँक्रीट, सरोवराच्या तळातून उपसलेली वाळू. आजही काठावर वाकड्या गजांचे तुकडे आणि लाटांनी गुळगुळीत झालेल्या विटा दिसतात. त्या राडारोड्यावर वाऱ्यानं उडत आलेल्या बियांतून पॉप्लर-विलोंचं रान वाढलं, आणि तिथं पक्षी आले. तीनशेहून जास्त जातींची इथं नोंद आहे. पाणकावळ्यांची तर मोठी वसाहतच आहे. काही झाडांवर, बरीचशी थेट जमिनीवर. आठवड्यात कामाच्या दिवशी तिथं अजून ट्रक फिरतात, म्हणून शनिवार-रविवारी जायचं. आत खासगी गाड्यांना आणि कुत्र्यांना मनाई आहे. इथं २००३ पासून पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालायचं केंद्र चालतं. तिथं एकदा एका स्वयंसेवकानं जाळीतून सोडवलेला रुबी-क्राउन्ड किंगलेट माझ्या डोळ्यांसमोर तराजूवर ठेवला होता. सहा ग्रॅम आणि वर काही. आपल्या पाच रुपयांच्या नाण्याएवढं वजन.

क्लबची कामंही याच महिन्यांत असतात. एप्रिलमध्ये सरोवराचा काठ साफ करायचा. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा मासेमारीची नायलॉन दोरी गोळा करण्याचं काम येतं. ती पाखरांच्या पायांत अडकली की सुटत नाही, म्हणून तुकडा तुकडा वेचायचा. पाकोळ्यांची लाकडी घरटी उघडून मागच्या वर्षीचा कचरा काढायचा. मे महिन्यात गार्लिक मस्टर्ड उपटायचं. युरोपातून आलेली ही वनस्पती जंगलाच्या जमिनीवर पसरली की इथली स्थानिक फुलझाडं मागे हटतात. आपल्या गाजरगवताची आठवण येते. कर्नल सॅम्युअल स्मिथ पार्कच्या पाण्यात लाल मानेच्या मोठ्या टिबुकल्या तरंगत्या तराफ्यांवर घरटी करतात. नर-मादी छातीला छाती लावून पाण्यावर उभे राहतात, ते बघायला काठावर लोक थांबतात.

आणि मग ते पहाटेचं काम.

टोरंटोत १९९३ पासून फ्लॅप नावाची संस्था हे करते. आमच्या क्लबातले आम्ही काही जण तिथं प्रशिक्षण घेऊन स्वयंसेवक झालो. रान पक्षी, मेलेला असला तरी, इथल्या कायद्यानं कुणालाही जवळ बाळगता येत नाही, त्यामुळे हे काम परवान्याखालीच होतं. एक जाळं, मूठभर कागदी पिशव्या, पेन. डाउनटाउनमधल्या ठरलेल्या इमारतींभोवती भिंतीच्या कडेकडेनं चालायचं. रस्ते रिकामे असतात, गटाराच्या झाकणांतून वाफ येत असते. मेलेला सापडला तर पिशवीवर जात, वेळ, पत्ता आणि इमारतीची बाजू लिहायची. ते पक्षी पुढे अभ्यासाला उपयोगी पडतात.

त्या दिवशी, आईचा फोन ठेवून निघाले तेव्हा, पहिल्या तासात मला चार मिळाले. तीन पांढऱ्या गळ्याचे स्पॅरो. इथं सर्वात जास्त आपटणाऱ्या पक्ष्यांपैकी हा एक. मान सैल, अंग अजून कोमट. चौथा ओव्हनबर्ड होता, एका बँकेच्या काचेच्या दाराशी, भिंतीला टेकून बसलेला. ऑलिव्ह रंगाची पाठ, डोक्यावर काळ्या काठाची केशरी पट्टी, गुलाबी पाय. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. मी दोन्ही हातांनी ओंजळ करून त्याला उचललं. छाती इतकी भराभर उडत होती की ठोके मोजणं शक्यच नव्हतं. कागदी पिशवीत ठेवून तोंड दुमडलं, क्लिप लावली. अशा वेळी पाणी पाजायचं नाही, खायला द्यायचं नाही, उघडून उघडून बघायचं नाही. अंधार, ऊब आणि शांतता, बस्स. पिशवी छातीशी धरून मी चालत राहिले. अर्ध्या तासानं आतून खुडबुड ऐकू आली. आधी एकदा, मग सारखीच. कागदावर नखं घासल्याचा तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. उपचार केंद्रात त्याला तपासलं, आणि दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या झाडीत तो सोडला गेला.

कॅनडात दरवर्षी सुमारे अडीच कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात, असा अंदाज आहे. रात्री दिवे त्यांना शहरात ओढतात, आणि खरी धडक बहुधा दिवसा होते. काचेत आकाशाचं, झाडाचं प्रतिबिंब दिसतं, आणि पक्ष्याला ते खरंच झाड वाटतं. २०१९ साली एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं की १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ तीनशे कोटी पक्षी कमी झाले. हा आकडा मी वाचला तेव्हा नुसता आकडा होता. पिशव्यांवर पत्ते लिहायला लागल्यापासून तसा राहिला नाही.

टोरंटोनं २००७ मध्ये पक्ष्यांना सुरक्षित इमारतींची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१० पासून नव्या बांधकामांना नियम लागू केले. माझी इमारत त्याआधीची. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, बरोबर झाडाच्या शेंड्याच्या पातळीला, म्हणजे सर्वात घातक उंचीवर. बाल्कनीच्या काचेला ठिपके लावायची परवानगी मागितली तर इमारतीच्या व्यवस्थापनानं सात महिने दाद दिली नाही. इमारतीचं रूप बिघडेल म्हणे. शेवटी क्लबातल्या दोघांनी बरोबर येऊन, आपटलेल्या पक्ष्यांचे फोटो समोर ठेवले, तेव्हा कुठं होकार मिळाला. छोटे पांढरे ठिपके, उभे-आडवे पाच-पाच सेंटिमीटरवर, आणि महत्त्वाचं म्हणजे काचेच्या बाहेरून; आतून लावले तर प्रतिबिंबाखाली झाकले जातात. ससाण्याचं एखादं स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूनं येऊन आपटतो. ठिपके लावून दोन वसंत झाले. आधी आठवड्याला ऐकू येणारा "ठप्" आवाज या काळात एकदाच आला.

हे मी इतकं तपशिलात लिहिते आहे, कारण हिंजवडीपासून बीकेसीपर्यंत आपल्याकडेही आता काचाच काचा आहेत. मे अखेर आणि जूनमध्ये, पावसाच्या तोंडाशी नवरंग येतो, तेव्हा मुंबई-ठाण्यात तो इमारतींवर आपटून पडल्याच्या बातम्या दरवर्षी वाचते. असा पक्षी दिसला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. चमच्यानं पाणी पाजू नका.

आणखी एक गोष्ट इथं शिकले ती आपल्या पक्षीमित्रांना सांगावीशी वाटते. आमच्या क्लबात घुबडाच्या घरट्याची जागा कुणीही, कुणालाही सांगत नाही. फेरीत मोबाइलवरून पक्ष्याचा कॉल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, लावायला सक्त मनाई आहे. गेल्या भेटीत घरी आले होते तेव्हा गावाकडच्या एका पाणवठ्यावर विणीच्या दिवसांत कॉल लावून स्वर्गीय नर्तकाला पुन्हा पुन्हा समोर आणणारे फोटोवाले पाहिले. घरटं सोडून तो बिचारा शत्रू शोधत फिरत होता. मला ते सहन झालं नाही, मी तिथंच बोलले. एका फोटोसाठी पिलांची न्याहारी चुकवायचा आपल्याला हक्क नाही.

मेच्या सुरुवातीला क्लबची पॉइंट पेलीची सहल झाली. कॅनडाच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक, ईअरी सरोवरात घुसलेलं. तिथं रात्रीच्या उड्डाणानं थकलेले पक्षी इतक्या खाली बसतात की दुर्बीण नको होते. त्याबद्दल पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.

मेचा दुसरा शनिवार मात्र मी बाबांसाठी राखून ठेवते. त्या दिवशी जगभरचे पक्षीनिरीक्षक आपापल्या याद्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतात. लहानपणी बाबा मला स्कूटरवरून नांदूरमध्यमेश्वरला न्यायचे. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही नावं मी तिथंच शिकले. आता ते सत्तरीत आहेत, तरी त्या दिवशी पहाटे भावाला गाडी काढायला लावतात. आमच्यात साडेनऊ तासांचा फरक. त्यांचा दिवस मावळतो तेव्हा मी स्पिटच्या वाटेवर असते. यंदा सकाळी नऊला त्यांचा फोन आला. त्यांनी त्यांची यादी वाचली, मी माझी वाचली. दोन्हींत तीनच नावं सारखी निघाली. चिमणी, पारवा आणि रातबगळा. स्पिटवर रातबगळ्यांची वसाहत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

"तिकडचा कसा ओरडतो?" त्यांनी विचारलं.

मी फोन झाडांच्या दिशेनं वर धरला. दोन मिनिटं काहीच नाही. मग वरून एक आला, घशातून ओरडला, "वॉक्."

"हां," बाबा म्हणाले. "तोच."