एसी बंदच होत नाहीये? आधी बाहेर जाऊन ऐका

उन्हाळ्यात अमेरिकेत आलेल्या आईबाबांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "अरे, हा एसी कधी बंदच होत नाही का?" आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण आपल्याला सवय भिंतीवरच्या स्प्लिट एसीची, एक खोली एक एसी एक रिमोट, थंडी वाजायला लागली की बंद. इथे अख्ख्या घराला मिळून एकच यंत्रणा. तिचा एक भाग घरात, म्हणजे माळ्यावर नाहीतर बेसमेंटमध्ये, तिथे ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) आणि थंड होणारी कॉइल, दुसरा भाग बाहेर अंगणात, त्यात कंप्रेसर आणि मोठा पंखा, आणि गार हवा डक्टमधून, म्हणजे हवेच्या मोठ्या नळांतून, प्रत्येक खोलीत जाते. हे सगळं चालवतो तो भिंतीवरचा थर्मोस्टॅट.

या थर्मोस्टॅटबद्दल मात्र बऱ्याच जणांचा घोळ असतो. तो म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नाही. साध्या एसीत तो फक्त एक स्विच असतो, चालू कर किंवा बंद कर, बास. त्यामुळे बाहेरून तापून आल्यावर "पटकन गार होऊदे" म्हणून ६५ वर टाकलं तरी हवा काही जास्त गार येत नाही, त्याच गारेगार हवेने तो फक्त जास्त वेळ चालत राहतो. (इथे सगळं फॅरनहाइटमध्ये, ७६ म्हणजे आपले साधारण साडेचोवीस.) पण हे कितीही वेळा सांगा, घरात कोणीतरी एकजण जाऊन ६५ करतोच.

तर एसी बंदच होत नाही असं वाटलं की कोणालाही फोन करायच्या आधी एवढंच बघायचं की चालू नक्की काय आहे. आतला ब्लोअर, बाहेरचं युनिट, का दोन्ही. व्हेंटखाली, म्हणजे खोलीत गार हवा येते त्या जाळीखाली, हात धरा, मग बाहेर जाऊन कंप्रेसरचा आवाज ऐका. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

फक्त आतली हवा वाहतेय आणि बाहेर शांतता असेल तर आधी थर्मोस्टॅटवर फॅनचं सेटिंग बघा, ऑटोऐवजी ऑन झालेलं असतं, साफसफाई करताना बटण दाबलं जातं. ऑनवर ब्लोअर दिवसभर फिरतो, वर दमट हवेत कॉइलवर जमलेलं पाणी तो परत घरातच उडवतो आणि मग गार असूनही चिकट वाटत राहतं.

दोन्ही चालू आहेत पण घर काही गार होत नाही, हा प्रकार जरा मोठा. कडक उन्हाच्या दुपारी एसी सलग चालणं तसं नॉर्मल आहे, नीट मापाने बसवलेला एसी सगळ्यात तापलेल्या दिवसात जवळपास सतत चाललाच पाहिजे, उलट गरजेपेक्षा मोठा बसवला तर तो पाच-दहा मिनिटांत बंद होतो, घर गार होतं पण दमटपणा जात नाही. पण रात्री बाहेर गार झाल्यावरही थांबत नसेल तर पहिला संशय फिल्टरवर. फिल्टर धुळीने भरला की हवा कमी जाते, कॉइल गोठते, कॉइलवर बर्फ जमला की हवा आणखी कमी, आणि एसी बिचारा चालतोच आहे. अशा वेळी कूलिंग बंद करून नुसता फॅन चालू ठेवायचा, बर्फ वितळायला काही तास लागतात, चाकूने वगैरे खरवडायचा नाही. नवा फिल्टर घालताना त्यावरचा बाण ब्लोअरच्या दिशेने. बाहेरच्या युनिटच्या जाळीत गवत, कचरा अडकला असेल तर वीज बंद करून होजपाइपने हळू धुवायचा, प्रेशर वॉशर नको, त्याने पत्र्याच्या पातळ पात्या वाकतात.

एसी हवा किती गार करतोय ते मोजायला साधा थर्मामीटर पुरतो. आत खेचल्या जाणाऱ्या आणि व्हेंटमधून येणाऱ्या हवेत साधारण १५ ते २० डिग्री फॅरनहाइटचा फरक हवा. खूपच कमी असेल तर टेक्निशियन बोलवा. आणि तो "गॅस संपलाय, भरून देतो" म्हणाला तर गळती कुठे आहे ते आधी विचारा, कारण गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. इथे गॅस हाताळायला लायसन्सही लागतं.

आता आमच्याकडचा प्रकार, तिसराच. थर्मोस्टॅटवर ७६ सेट केलेले, घर ७६ ला पोचलेलं, व्हेंट एकदम गप्प, पण बाहेरचं युनिट धडधडतंय! आणि त्यातून घरात जाणाऱ्या जाड तांब्याच्या पाइपवर चक्क बर्फ, कारण ब्लोअर थांबलेला आणि कंप्रेसर चालू. नवऱ्याचं म्हणणं थर्मोस्टॅट खराब झालाय, नवीन स्मार्टवाला घेऊया (हे त्याला आधीपासूनच घ्यायचं होतं). तर मी आतल्या युनिटचा ब्रेकर पाडला आणि थर्मोस्टॅटचा पुढचा भाग भिंतीवरून ओढून काढला, बहुतेक मॉडेलमध्ये तो सहज निघतो आणि मागे वायरी राहतात. आता बाहेरच्या युनिटला हुकूम देणारं कोणी उरलंच नव्हतं, तरी ते चालूच. म्हणजे थर्मोस्टॅट निर्दोष.

दोष होता काँटॅक्टरचा. थर्मोस्टॅट २४ व्होल्टचा बारीक सिग्नल पाठवतो आणि तो सिग्नल मिळाला की बाहेरच्या युनिटमधला काँटॅक्टर कंप्रेसरची २४० व्होल्टची लाइन जोडतो. ठिणग्या पडून पडून त्याचे पॉइंट्स जळतात आणि कधीकधी एकमेकांना चिकटून बसतात, मग सिग्नल गेला तरी सुटत नाहीत. मुंग्या शिरूनही त्याचे पॉइंट्स बिघडतात. युनिटशेजारी भिंतीवर छोटा डिस्कनेक्ट बॉक्स असतो, तिथून वीज तोडली आणि टेक्निशियनला बोलावलं. पार्ट तसा स्वस्तातला, बदलायला वेळही फारसा लागला नाही. यूट्यूब बघून हे स्वतः करायचा मोह होतो, पण आत शेजारीच कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो आणि वीज तोडल्यावरही त्यात चार्ज राहतो, त्यामुळे ते झाकण मी तरी उघडणार नाही.

थर्मोस्टॅट खरोखर दोषी असतो तेव्हा बहुतेक वेळा तो चुकीची हवा मोजत असतो. समोर ऊन, खाली दिवा, किंवा त्याच्या मागे वायरींसाठी भिंतीला पाडलेलं भोक, त्यातून माळ्यावरची तापलेली हवा थेट त्याच्या पाठीवर येते आणि त्याला वाटतं घर अजून तापलेलंच आहे. भोक पुट्टीने बुजवलं की काम झालं. शेजारी दुसरा थर्मामीटर ठेवून बघितलं तर हे लगेच कळतं.

आणि थर्मोस्टॅट बदलायचाच असेल तर वायरी काढायच्या आधी फोटो काढा, कुठली वायर थर्मोस्टॅटवरच्या कुठल्या अक्षराला लावलीय ते दिसेल असा. रंगांवर जाऊ नका, ते बसवणाऱ्याच्या मर्जीवर असतात. वायरी जाड निघाल्या आणि टोकाला टोप्या लावलेल्या असल्या तर ती २४ व्होल्टची लाइन नव्हे, तिथे हात लावू नका. आणि सगळं जोडून झाल्यावर पाच मिनिटं काहीच झालं नाही तर घाबरू नका, कंप्रेसर लगेच परत सुरू होऊ नये म्हणून बरेच थर्मोस्टॅट मुद्दाम तेवढा वेळ थांबतात.