पर्लकोटेला पूर येण्याआधी माहेरघर गाठलं

माझ्या धाकट्या बहिणीचं सासर गडचिरोलीतल्या भामरागडपासून आत आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचाच संपर्क तुटतो. त्याच्या पुढच्या गावांची वाट तर मधले नालेच अडवतात. तिच्या बाळंतपणाची तारीख ऐन ऑगस्टमधली. त्यामुळे दिवस राहिल्याचं कळल्यापासून मला एकच घोर लागला होता: कळा सुरू होतील तेव्हा ती नाल्याच्या कुठल्या काठाला असेल? योजनांची नावं सगळीकडे ऐकायला मिळतात, पण एकीला हाताशी धरून त्या पार कशा पाडायच्या हे कळायला मला बराच वेळ लागला. म्हणून लिहितेय.

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली, ती आशाताईमुळे. तिनेच माता व बाल संरक्षण कार्ड करून दिलं. हे कार्ड घरातल्या पेटीत ठेवायचं नाही, बाई जिथे जाईल तिथे ते तिच्यासोबत जायला हवं. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस, सगळं त्यावर असतं. पुढे तीन वेगवेगळ्या ठिकाणी तिला तपासलं, आणि प्रत्येक ठिकाणी डॉक्टरांनी आधी कार्डच मागितलं.

पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन ७.६ आलं. सिस्टरने त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला. सातच्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय धरतात, म्हणजे ही अगदी उंबरठ्यावर होती. लोहाच्या गोळ्या तिला मिळाल्या होत्या, पण शौचाला काळं होतं म्हणून भिऊन तिने त्या थांबवल्या होत्या. मी फोनवर सांगून थकले. शेवटी आशाताईने घरी बसून माडिया बोलीत समजावलं, की काळं होणं म्हणजे गोळीतलंच लोह, त्यात भ्यायचं काही नाही; गोळी चहाबरोबर घेऊ नको, कॅल्शियमची वेगळ्या वेळी घे. जे मला जमलं नाही ते तिच्या भाषेतल्या चार वाक्यांनी जमलं. आशाताईच्या या कामाची किंमत कुठल्याच मोबदल्यात धरलेली नाही, हे मला मनापासून बोचतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे जोखमीची माता म्हणून तिची नोंद झाली. ग्रामीण रुग्णालयात सलाईनमधून आयर्न सुक्रोज हे लोहाचं औषध दिलं आणि आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.८ वर आलं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही तिथेच झाली. बहीण वाहक निघाली, म्हणून लगेच जावईबापूंचं रक्त तपासलं. दोघंही वाहक असते तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. त्यांचा अहवाल स्वच्छ आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. आमच्या भागात ही तपासणी कोणी टाळू नये.

खरी ओढाताण झाली ती माहेरघरासाठी. दुर्गम भागातल्या गरोदर बाईने तारखेच्या काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या माहेरघरात येऊन राहायचं, अशी ही सोय आहे. राहणं, जेवण, रोजची तपासणी सगळं तिथेच. पण तेव्हा धानाच्या रोवणीचे दिवस. सासूबाई म्हणाल्या, "आमची सगळी बाळंतपणं घरीच झाली." त्यांना मी दोष देणार नाही. घरातली दोन माणसं रोवणी सोडून गेली तर मजुरी बुडते, आणि घरातल्या बाकीच्या पोरांकडे कोण बघणार हा प्रश्न उरतोच. मानव विकास कार्यक्रमात बुडालेल्या मजुरीपोटी मिळणाऱ्या पैशांबद्दल सिस्टरने सांगितलं तेव्हा बोलणं थोडं पुढे सरकलं. मग आईने सोबत राहायची तयारी दाखवली आणि सासूबाईंनी स्वतःच बहिणीची पिशवी भरून दिली.

बहीण आणि आई माहेरघरात गेल्यानंतर पाऊस लागला आणि गावाजवळच्या नाल्यावरून पाणी गेलं. बहीण तेव्हा लेबर रूमपासून हाकेच्या अंतरावर होती. प्रसूती रात्री झाली, नॉर्मल झाली. मुलगी, वजन अडीच किलोच्या जरा वर.

२०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्राचं माता मृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. चांगलाच आकडा आहे. पण त्या सरासरीत पुण्याची बाईही येते आणि नाल्यापलीकडची माझी बहीणही. राज्य खरंच पुढे गेलं का, हे मी तरी नाल्यापलीकडे बघूनच ठरवेन.

आता पैशांचं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. तरी या सगळ्या धावपळीत एका ठिकाणी आमच्या हातात बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली. मी आवाज न चढवता विचारलं, "हे यादीत नाही का? नसेल तर तसं लिहून द्या." औषध आतूनच मिळालं. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागातले ७०० रुपयेही आले.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने मात्र दमवलं. पहिल्या अपत्याला ५००० रुपये, दोन हप्त्यांत: नोंदणी आणि तपासणीनंतर ३०००, बाळाची जन्मनोंदणी आणि पहिल्या फेरीचं लसीकरण झालं की २०००. आमचा पहिला हप्ता मंजूर दिसत होता, पण पासबुकात नव्हता. जिथे विचारलं तिथे "येईल, थांबा" एवढंच उत्तर. शेवटी गावोगावी बँकेचं काम करणाऱ्या एका 'बँक मित्रा'ने आधार टाकून पाहिलं, तर पैसे शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्यात जमा झालेले! हा पैसा आधारशी जे खातं जोडलेलं असतं त्यात जातो, हातात पासबुक कुठलंही असो. नोंदणीच्या दिवशीच हे तपासून घ्या. आधारवर माहेरचं नाव आणि कार्डावर सासरचं, असं असेल तर तेही तेव्हाच जुळवून घ्या, पुढे तेच नडतं.

भाचीला साडेतीन महिन्यांची लस मिळाली आणि दुसऱ्या हप्त्याचा अर्ज गेला आहे. तिच्याच गावातल्या आणखी एकीला आता पाचवा महिना आहे. तिचं खातं आधारशी जोडलेलंच नाही. बाजाराच्या दिवशी बहीण तिला बँकेत घेऊन जाणार आहे.