परसातली अळंबी

श्रावणात मासळी बंद झाली की गोव्यातल्या माणसाला रोयणीची, म्हणजे वारुळावरची, अळमी आठवतात आणि पानांत बांधलेल्या पुडीसाठी तो मागतील तेवढे पैसे मोजतो; परंतु त्याच पावसात परसातल्या आंब्याच्या वाळक्या फांदीवर काय उगवले आहे, हे तो मान वर करून पाहत नाही. मला हा पक्षपात पटत नाही, मात्र त्यामागची भीती रास्त वाटते. लाकडावर उगवलेले ते बिनविषारी, ही समजूत, विषारी अळंबीने रुप्याचे नाणे काळे पडते या परीक्षेइतकीच निराधार आहे.

ओळखायला सोपी ती कानाच्या पाळीसारखी तपकिरी, लिबलिबीत अळंबी, जिला शास्त्रात ऑरिक्युलारिया म्हणतात. तिला देठ जवळजवळ नसतो, खालच्या बाजूला पापुद्रे नसतात, आणि उघडीप मिळाली की ती आक्रसून काळी, कडक होते, पण पुढची सर येताच पुन्हा फुगते. धिंगरीच्या, म्हणजे ऑयस्टर मशरूमच्या, बाबतीत अधिक चिकित्सा हवी. तिचे पापुद्रे आखूड, बहुधा एका बाजूला असलेल्या देठावर उतरत जातात, आणि त्या देठाला ना कडे असते, ना तळाशी वाटी. हा तळ पाहायचा असल्यामुळे अनोळखी अळंबी सुरीने न कापता बुंध्यासकट काढावी. टोपी कागदावर उपडी घालून वर वाटी झाकली, तर सकाळपर्यंत बीजाणूंची भुकटी उमटते. धिंगरीची पांढरी किंवा फिकट जांभळट असते, आणि हिरवट उमटली तर ती धिंगरी नव्हेच, खाण्याचा प्रश्नच मिटला. भुकटी पांढरी आली एवढ्यावरही विसंबू नये; जाणत्या माणसाने पाहिल्याशिवाय मी कोणतीही नवी अळंबी चुलीवर चढवत नाही.

माडाच्या बुंध्याशी येणारी, लाखेची झिलई चढवल्यासारखी तांबूस गॅनोडर्मा लाकडाइतकी कठीण असते. ती दिसली तर काळजी माडाची करावी, कारण ती आतल्या कुजीची खूण आहे. कुळागरातलेही, म्हणजे पोफळीच्या बागेतलेही, काही घेऊ नये. सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी पोफळींवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारलेले असते, ते खालच्या ओंडक्यांवरही ठिबकते.

कानासारख्या अळंबीला स्वतःची चव जवळजवळ नसते. म्हणूनच ती नीट शिजवून शागुतीत घालावी. भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मसाल्याचा रस ती मुकाट्याने पिते, आणि दाताखाली कुरकुरते.